नऊशे अठ्ठ्याहत्तर

सहा वाजता हल शहर अजून अंधारात असतं.
हंबर नदीवरचा वारा
पार्किंगची चिठ्ठीसुद्धा हातात राहू देत नाही.
मी तळघरात उतरते,
दोन मीटर जाड भिंतींच्या आड,
जिथे कुठलंच हवामान पोचत नाही
असं नवख्याला वाटतं.

यंत्राखाली प्लास्टिकच्या पाट्या रचते,
माणसाच्या बदली.
त्यांच्यामध्ये बोटाच्या पेराएवढी पोकळी,
पोकळीत चिमूटभर हवा.
दार लोटते. शंभर एककं सोडते.
आकडा येतो: साडेतीन टक्के कमी.

घाबरायचं नसतं.
समुद्रावर वादळ आहे, दाब उतरलाय,
चिमटीतली हवा विरळ झालीय, एवढंच.
बॅरोमीटर वाचते. नऊशे अठ्ठ्याहत्तर.
गुणते, पुन्हा गुणते.
बरोबर. सही करते, खाली वेळ घालते.

मग सुरू होतो एकेकाचा रतीब:
रोज दोन ग्रे, सहा आठवडे,
शनिवार-रविवार खाडा.

मी त्यांना ओळखते ती कापांवरून.
कण्यातला दोर, जबड्याचा कोन,
कुणाच्या छातीवर तीन ठिपक्यांचं हिरवट गोंदण,
आणि एक लाळेची गाठ, डावीकडची,
जी वाचवायला मंगळवारी
रात्री साडेआठपर्यंत बसले होते.
चेहरे ठाऊक नसतात.
फळीवर जाळीचे मुखवटे टांगलेले असतात,
कपाळावर चिकटपट्टी, पट्टीवर नाव.
आउथवेट. नाक जरासं कललेलं.

आज चहाच्या टेबलापाशी तेच नाक.
गळ्यावर लाली, आवाज भुसा भरल्यासारखा.
"पडतोय," तो खिडकीकडे बघत म्हणतो.
"काय?"
"दाब. एकतीस वर्षं ट्रॉलरवर काढली.
उठलो की आधी बॅरोमीटरच्या काचेला टिचकी, मग चूळ.
आज काटा पार तळाला बसलाय."

"नऊशे अठ्ठ्याहत्तर,"
माझ्या तोंडून निसटतं.

तो वळून बघतो. "तुम्ही कुठल्या बोटीवर?"

हसते. काय सांगणार?
साखर किती, विचारते.
"गोडाची चव गेलीय कधीची,
पण घाला दोन. हात थांबत नाही ना."

दोन घालते, चमच्यावर बोट फिरवून सपाट.
तो घोट घेतो. थांबतो. गिळतो.

डावीकडची,
मी मनात म्हणते,
उरली असेल थोडी.