परवलीचा शब्द

पुंता अरेनासमध्ये वारा रात्रभर दार वाजवतो,
त्याला कुणी 'कोण?' म्हणून विचारत नाही.
फोनला मात्र आता विचारावं लागतं.

ह्या फसवणुकीला आमच्याकडे 'काकाची गोष्ट' म्हणतात.
काका होऊन कुणी बोलतो, नाहीतर भाचा,
नाहीतर बँकेतली मंजुळ बाई,
आणि ऐकणाऱ्याचा मामा होतो.
शेजारच्या ओतिलियाबाईंनी
नातवाच्या जामिनाचे पैसे
दारावर आलेल्या पोराच्या हातात ठेवले.
नातू तेव्हा माडीवर घोरत होता.

मग मी बाबांना समोर बसवलं.
अनोळखी नंबर उचलायचा नाही.
उचललाच, तर कशालाच 'हो' म्हणायचं नाही.
कुणी रडत असेल तर आधी शब्द विचारायचा,
आपला, घरातला,
आई एकदा जेवताना भलतंच बोलून गेली होती तो.
तेव्हा बोगदान इतका हसला की
त्याच्या नाकातून सूप आलं.
शब्द इथे लिहीत नाही,
तेवढं तुम्ही समजून घ्या.

बाबांनी चाळीस वर्षं मेंढ्या कातरल्या,
एकदा हाती घेतलं की मधे सोडत नाहीत.
पहिल्या आठवड्यात त्यांनी बँकेला शब्द विचारला,
मग गॅसवाल्याला,
रविवारी मला.
'यास्ना, शब्द?'
सांगितला, तेव्हा कुठे गुडघ्याचं बोलले.

मंगळवारी रात्री पुन्हा फोन आला.
सकाळी चहात पाव बुडवत त्यांनी सांगितलं,
'बोगदान आहे म्हणाला. अंतोफगास्ताहून.
आवाज बसलेला. पैसे मागितले नाहीत,
मागणार होता बहुतेक.
मी शब्द विचारला.
बराच वेळ गप्प.
मग म्हणतो, कुठला शब्द?
ठेवून दिला मी. बरोबर केलं ना?'

बरोबर केलंत, मी म्हटलं.
त्यांच्या बशीतला चहा पुसला.

शब्द ठरला गेल्या वर्षी.
बोगदान भांडून गेला त्याला सहा वर्षं झाली.
नंबर लपवलेला होता.
चोर लपवतात.
लाज वाटते तेही लपवतात.

आज एक पोस्टकार्ड घेतलं, बंदराचं चित्र असलेलं.
त्याच्या शेवटच्या पत्त्यावर
तो एकच शब्द लिहिला, खाली काही नाही.
पाकिटात घालायला हवं होतं, कळतं मला.
खिडकीतल्या मुलीने वाचलं,
हसू दाबलं,
आणि म्हणाली, अजून एक तिकीट लागेल.