उरलेल्या चपला

डावा पाय नऊ नंबर, उजवा पाच.
अख्ख्या सोलापुरात एकेरी चप्पल विकणारा दुकानदार नाही,
म्हणून दोन जोड घ्यायचे.
खाटेखाली उरतात नवाची उजवी, पाचाची डावी.
त्यांना कुणी घालायचं, सांगा की.

तेरा वर्षं झाली.
विड्या वळताना हा पाय दुमडत नाही.
साखर पेठेतल्या खोलीत भिंतीला टेकून
मी तो समोर पसरून ठेवते, पाहुण्यासारखा.
हजार भरते तरी.
मुकादम छाट काढतो ती हाताची, पायाची नाही.

रात्री बारानंतर टॉर्च घेऊन पोरं आली,
बोटातून रक्त नेलं, दोनदा.
जंतू सापडला नाही.
गल्लीत नाव पडलं ते पडलंच:
नर्सव्वा हत्ती.

मग मोठा दवाखाना, तळघर.
संगप्पा नावाच्या पोरानं शिशाच्या डबीतून सुई काढली.
"अम्मा, बोटांच्या बेचक्यात टोचतो. झणका बसेल."
बसला. विंचू परवडला.
दोन्ही पायांना टोचलं, चांगल्यालाही शिक्षा.
"हे औषध नव्हे," म्हणाला,
"हे नुसतं वाट विचारत वर जातं."

यंत्राखाली निजवलं, उठवलं,
आणि म्हणाला, आता चाला.
लांब व्हरांडा, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.
तेरा वर्षं सगळे म्हणत आले, बसा अक्का, बसा.
हा पहिलाच.
तिसऱ्या फेरीला मी चपला काढून हातात घेतल्या.

पडद्यावर उजवा पाय:
घोट्यापासून जांघेपर्यंत बारीक रेघ,
टोकाला चार ठिपके, विडी पेटावी तसे.
डावा: काळोख.
तासानं परत काळोख.
दोन तासांनी पोटरीभर काहीतरी धुकट,
पेज सांडल्यासारखं.
रेघ नाहीच.

"वाटच नाही का रे?"
"डॉक्टर सांगतील," म्हणाला. मग थांबून,
"फोटो स्वच्छ आलाय, अम्मा."

रडू आलं ते पायाचं नव्हतं.
सासू म्हणायची, बाळंतिणीनं तिन्हीसांजेला उंबरा ओलांडला.
मी रोज रात्री तेल लावताना
पायाची माफी मागत होते.

गुरुवारी पट्टी बांधायला शिकवणार.
बरा होणार नाही, हलका होईल.
आजची रात्र नातीला मांडीवर घेऊ नका, म्हणाले,
अंगात किरणं आहेत थोडी,
सकाळपर्यंत उतरतील.

ती दारात आहे.
नवाची उजवी, पाचाची डावी घालून
फटक फटक गल्लीभर.
मी लांबूनच ओरडते,
पडशील गं.