उजवी सीट

एकोणीस वर्षं मी डावीकडे बसले.
भांडुप, कांजूर, नाहूर, परत भांडुप.
पायाशी माझा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच,
आणि तोंडात दिवसभर एकच शब्द.
सावकाश, पारुलबेन, रिक्षा आहे.
सावकाश, कर्णिकसाहेब,
भिंत आहे ती, ती सरकणार नाही.

सत्तेचाळिसाव्या वर्षी शर्यतीचा फॉर्म भरला.
'अनुभव' या रकान्यात लिहिलं:
दोनेक हजार माणसांना थांबायला शिकवलं.
मग ते खोडलं आणि लिहिलं, नाही.

गाडी एकच, ट्रेनिंग स्कूलची.
शनिवारी रात्री मेल्विन जादा पेडलं काढायचा,
सोमवारी पहाटे परत बसवायचा.
मधल्या दिवसात पत्र्याला दोन भोकं,
त्यांतून खालची जमीन दिसायची.
बॉनेटवरचा लाल L उचकटला
तरी तिथला रंग कोवळाच राहिला,
घड्याळ काढल्यावर मनगट राहतं तसा.

ऑक्टोबर. वडाळ्याला ट्रक टर्मिनलच्या मागचं मैदान,
चौतीस नारिंगी शंकू, हवेत डिझेल आणि खारट चिखल.
हेल्मेट भाड्याचं,
आत कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा वास.
मुफद्दलने झेंडा खाली आणला.
मी आधी आरसा पाहिला.
मग उजवीकडचा इंडिकेटर दिला.
अख्खं मैदान हसलं.
तिसऱ्या वळणाला पुन्हा दिला, काय करणार.
एक मिनिट एकतीस.
सव्विसांत पंचविसावी;
सव्विसाव्याचा रेडिएटर फुटला होता.

नोव्हेंबरात तीन शंकू उडवले, सहा सेकंद दंड.
एक शंकू चाकाखाली अडकून घरापर्यंत आला.
अविनाश म्हणाला, एवढ्या घाईने जायचंय कुठे?
म्हटलं, जिथून निघाले तिथेच.
त्याने चहात साखर जास्त घातली आणि
टायरचं बिल पाहून गप्प बसला.
दोन टायर म्हणजे साडेतीन शिकाऊ.

डिसेंबरात गाडी गर्रकन फिरली.
काचेतून टाक्या, ट्रक, माणसं, परत टाक्या.
कारण वळणाच्या तोंडाशी, अगदी जिथे सोडायचं असतं तिथे,
डावीकडून कुणीतरी म्हणालं, सावकाश,
आणि मी ऐकलं.
आवाज ओळखीचा होता. त्याचे मी तासाला पैसे घेते.

मेल्विनला हे सांगितलं नाही.
एवढंच म्हटलं, वजन कमी करायचंय, डावी सीट काढ.
त्याने पाना कानामागे खाजवला,
म्हणाला, अकरा किलोने काय होतंय, मॅडम?
काढली मात्र.
ती सीट महिन्यातून दोन दिवस आमच्या गॅलरीत असते.
सासरे तिच्यावर बसून पेपर वाचतात,
पट्टा लावून.

फेब्रुवारीची शेवटची फेरी.
शेजारी नुसता पत्रा, चार बोल्टांच्या खुणा,
आणि एक पेन, कुण्या शिकाऊचं, वर्षानुवर्षं सीटखाली हरवलेलं,
प्रत्येक वळणाला इकडून तिकडे घरंगळणारं.
तेवढाच आवाज.
एक मिनिट तेरा.
चौदावी आले. चौदाव्याला कप नसतो,
वडापाव असतो, तो सगळ्यांनाच.
मुफद्दलने वेळ कागदावर लिहून दिली.
कागद मी लायसनच्या पाकिटात ठेवला, विम्याच्या मागे.

सोमवारी सात वाजता कर्णिकसाहेब.
एकतिसावा तास.
नवरात्रापासून दुसऱ्या गिअरपुढे गेलेले नाहीत.
ऐरोली पुलाकडचा रस्ता मोकळा होता, उन्हं यायची होती.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी रस्त्याकडे पाहिलं.
इंजिन कण्हत होतं, गिअर मागत होतं,
म्हाताऱ्याचा हात दांड्यावर थरथरत होता,
आणि माझ्या जिभेवर तो शब्द तयार.

पाय ब्रेकवर होता.
दाबला नाही.

तिसरा पडला,
खडखडत, पण पडला.
कर्णिकसाहेब म्हणाले, अरे देवा.
मग इंडिकेटर दिला, वळण कुठेच नसताना.