राइस मिलमधली मतं

नवा अल्बम ऐकला. सात गाणी,
त्यातलं तिसरंच खरं;
बाकीची डबल पॉलिशच्या तांदळासारखी,
चकाकतात, अंगी लागत नाहीत.

कॉन्सर्टचा पिक्चर मात्र
यादोरावसोबत पाहिला, धानाच्या पोत्यांवर बसून,
फोन वजनकाट्यावर उभा करून.
बाई झकास गात होती,
पण कॅमेरा सारखा गर्दीत, धुरात, लायटिंगवर.
"आर्गनवाल्याची बोटं दाखव ना बे!"
यादोराव ओरडला.
बावीस वर्षं मंडईच्या नाटकांत
तो आर्गनवर होता, पडद्याच्या बाजूला, अंधारात.

एकदाच दिसली बोटं. दोन सेकंद.
मी मागं घेतलं. पुन्हा मागं घेतलं.
त्याची बोटं पोत्यावर चालूच.

"दुसऱ्या कडव्यात बाई घसरली," म्हणाला.

मला नाही वाटत.