बूट

चार महिने ऐकू येत होता आवाज.
एव्हरार्ड नगरच्या वळणावर स्टिअरिंग पुरतं फिरवलं
की पुढच्या डाव्या चाकातून
कट्, कट्, कट्,
कुणी निवांत सुपारी कातरत बसल्यासारखा.
मी रेडिओ मोठा केला.

गाडी गोव्यात बनलेली, फायबरच्या अंगाची,
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या साली
सेकंडहँड उचललेली.
तिचा कारखाना केव्हाच बंद पडला.
सीट दोन, घरात माणसं तीन,
हा हिशेब हेमलतानं पहिल्याच दिवशी केला
आणि पदराला गाठ मारावी तसा ठेवून दिला.
लेकीला घेऊन मी पुढं जायचो.
ती मागून बसनं यायची, डबे घेऊन.

कुर्ल्याचे नझीर परकार आले रविवारी,
चाळिशी कपाळावर, खिशात ब्लेड.
चाकामागे बॅटरी मारली आणि म्हणाले,
"साहेब, बूट फाटलाय."
मी माझ्या पायाकडे पाहिलं.
"तुमचा न्हाय. हिचा."

ॲक्सलच्या टोकाशी घड्याघड्यांचा रबरी बूट,
पेटीच्या भात्यासारखा.
एका घडीत चीर, बोटभर.
तिच्यातून उडालेलं ग्रीस
रिमच्या आतल्या अंगावर काळं, गोलाकार,
आणि त्यावर चुनाभट्टीची सगळी धूळ.
"रबर दीडशेचं.
आतला सांधा गेला असला तर
मुंबईत न्हाय मिळायचा, गोव्यातपण न्हाय.
आवाज कधीपासून?"
"चार-पाच दिवस झाले असतील."
वर तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत
कुणीतरी खोकलं.

हबचा नट सुटेना.
पान्याच्या दांड्याला नळाचा पाईप जोडला,
परकार त्यावर उभेच राहिले, भिंतीला हात टेकून,
आणि नट असा काही कडाडला
की वॉचमन खुर्चीतून उठला.
मग पितळी हातोडीचे दोन टोले
आणि सांधा माझ्या ओंजळीत आला,
जड, कोमट, काळा.

हेमलतानं वरून जुना परकर टाकला, पुसायला.
"परकारांना परकर," परकार म्हणाले,
स्वतःच हसले, मग लाजले.

रॉकेलच्या थाळीत सहा गोळ्या.
मी एकेक अंगठ्यानं फिरवून उजेडात धरली.
पाच चकचकीत.
सहावीवर एक डाग, मोहरीएवढा.
परकारांनी ती बराच वेळ पाहिली,
डॉक्टर रिपोर्ट पाहतात तशी,
बोलण्याआधी.
"चालंल," म्हणाले. "हळू वळवत जा."
चार महिन्यांची किंमत
एवढ्यावर भागली.

नवा बूट, नवं ग्रीस, बोटांनी दाबून दाबून,
पुरणपोळीत पुरण भरतात तसं.
सांधा ठोकून बसवला, लॉक टिचकन लागलं,
आणि तेव्हा दिसली
फरशीवर राहिलेली छोटी पट्टी,
जी सगळ्यात आधी घालायची असते.
पुन्हा सगळं बाहेर.
परकार काही बोलले नाहीत.
मीही नाही.
ती चूक नक्की कोणाची, ते अजून ठरलेलं नाही.

तीन वाजता कंपाउंडमध्ये गोल फेरी मारली,
स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून,
रेडिओ बंद, काचा खाली.
तुळशीच्या कुंड्या, स्कूटर, पाण्याची टाकी,
पुन्हा तुळशीच्या कुंड्या.
काहीच वाजलं नाही.
एवढं काहीच नाही
मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

परकारांनी पैसे मोजले नाहीत, तसेच खिशात घातले.

वर पाहिलं तर हेमलता,
कठड्यावर कोपरं टेकून.
"गेला वाटतं आवाज."
"गेला."
"मग रात्री तू आलास ते कळणार कसं?
वळणावर कट्कट् ऐकू आली
की मी भात लावायचे."

चार महिने.
मी हॉर्न दाबला, उत्तर म्हणून.
हॉर्न दोन वर्षं बंद आहे.
मग दार उघडून
शेजारच्या सीटवरची पान्यांची पिशवी
मागं टाकली
आणि तिच्याकडे पाहत राहिलो.