महापे, पाचवा मजला

आठ भाषा ऐकतं हे ऑफिस.
त्यातली एकही मला येत नाही.
मी इथली प्रमुख आहे.

माझ्याकडे डिझेल, रात्रपाळीच्या गाड्या,
गच्चीवरच्या तीन डिशचे एमआयडीसीचे कागद,
आणि मधल्या डिशमागे दर माघात घरटं बांधणारी घार.
ती काड्या आणू लागली
की काबूलला मुंग्या येतात.
मुख्यालयाला कळवलं होतं: एक पक्षी आहे.
उत्तर आलं: पक्ष्याचा खर्च कोणत्या खात्यात दाखवणार?

रजबअली मेघजी, वाशी, स्वाहिली.
सेल्वमणी, कोपरखैरणे, बर्मी.
आईच्या कडेवर बसून तिने रंगून सोडलं,
पण आई भांडायची ती त्याच भाषेत,
म्हणून येते.

बातमी मला कानांनी कळत नाही. पाठींवरून कळते.
निवडणूक असली की खांदे पुढे येतात.
पूर असला की पाय खुर्चीखाली ओढले जातात.
माणसं मेली असली की हेडफोन कानामागे सरकतो,
डावा,
का कोण जाणे, नेहमी डावाच.
तेवढ्यात मी पाण्याची बाटली ठेवून येते.

सेल्वमणी अकरा वर्षं एकाच बाईला ऐकत होती.
तिकडची, संध्याकाळच्या बातम्या वाचणारी.
नाव माहीत नाही, त्या स्टेशनवर नाव सांगत नाहीत.
पण तिची दाढ कोणत्या आठवड्यात दुखत होती ते माहीत.
एका उन्हाळ्यात लांब वाक्यांना तिचा श्वास पुरेना,
"सातवा लागला असेल," सेल्वमणी म्हणाली,
आणि मधे चार महिने जाऊन तो आवाज परतला
त्या दिवशी हिने खोबऱ्याच्या वड्या आणल्या.
आम्ही खाल्ल्या. रजबअलींना मधुमेह, त्यांनीही खाल्ली.

त्या मंगळवारी
तांदळाचे भाव संपले आणि हवामान सुरू व्हायचं होतं,
तिथे ती थांबली.
मी डिझेलचं बिल तपासत होते. मान वर केली तर समोर पाठ.
खांदे नाहीत, पाय नाहीत, हेडफोन जागच्या जागी.
अशी पाठ मी पाहिली नव्हती.
मग पुढचं वाक्य आलं:
उद्या आकाश निरभ्र राहील.

सेल्वमणीने टाइप केलं: भाव. चार सेकंद शांतता. हवामान.

रात्री दोनला मेल आला.
शांतता हा मजकूर नव्हे. कृपया काढून टाकावी.
काढली.
माझ्याच हाताने, प्रमुखाला तेवढं येतं.
तीन शब्द, एक कळ,
आणि भाव हवामानाला जाऊन असे भिडले
की मधे कुणी होतं असं वाटू नये.

बुधवारी पुरुषाचा आवाज. गुरुवारी तोच.
"रजेवर असेल," मी म्हटलं. रजा हा माझा विषय आहे.
"मॅडम," सेल्वमणी म्हणाली,
"रजेवर जाणारी बाई आदल्या दिवशी भरभर वाचते."

काल सगळे जेवायला गेले तेव्हा तिच्या खुर्चीत बसले.
तिचा हेडफोन डोक्याला घट्ट होतो.
ते चार सेकंद शोधून काढले, नऊ वेळा ऐकले.
कागद.
खुर्चीचा पाय फरशीवर.
दार, लागलेलं की उघडलेलं ते सांगता येत नाही.
आणि ती श्वास आत घेते. तो सोडल्याचं ऐकू येत नाही,
त्या जागी हवामान आहे.

ह्यातलं काहीही मला कुणी भाषांतर करून दिलं नाही.

नव्वद दिवसांनी सर्व्हर आपोआप रिकामा होतो.
आज तेरावा दिवस.
सेल्वमणी वेळेवर येते, नव्या आवाजाचं सगळं लिहून घेते,
त्याला अजून ओळखत नाही म्हणते.
गच्चीवरची पिल्लं उडाली.
काबूल स्वच्छ दिसतंय.