सोबत : तक्ता

माझ्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता आहे.
डावीकडे न्यायालयं : किल्ला कोर्ट, माझगाव, भोईवाडा,
कुर्ला, विक्रोळी, मुलुंड.
उजवीकडे तुरुंग.
मधे पट्टीनं ओढलेली रेघ, तरी तिरकी.
कांबळी भाऊसाहेबांनी ओढली तेव्हा
त्यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते.

मथळा : प्रौढ पुरुष बंदी.
बायकांचा कागद वेगळा, पोरांचा वेगळा.

ही पत्रिका कुणी जुळवली मला माहीत नाही.
किती गुण जमले, मंगळ कुणाला होता,
विचारायची सोय नाही.
परिपत्रक येतं, त्यावर जावक क्रमांक असतो,
आणि एका सोमवारपासून
कुर्ल्याचं सासर बदलतं.
जुनं नाव मी व्हाइटनरनं पुसते.
ट्यूबलाइटखाली धरलं की खालचं दिसतंच.

साहेब उठायच्या आत वॉरंटं भरायची.
नाव, कलम, पुढची तारीख,
प्रति, अधीक्षक,
आणि त्यापुढे दोन बोटं रिकामी जागा.
त्या दोन बोटांत माणूस राहायला जातो.

मार्चमधल्या एका बुधवारी
मी तिथं सवयीनं मुंबई लिहिलं.
लिहायचं होतं तळोजा.
तुषार भागुजी बोरुडे, वय बावीस.
गाडी सात रस्त्याला गेली.
फाटकातल्या हवालदारानं कागद बॅटरीखाली धरला,
म्हणाला, हे कोर्ट आता आमच्याकडे नाही.
तळोज्याला फोन लावला तर ते म्हणाले,
कागद आमच्या नावाचा नाही.
गाडी फिरली.
रात्र त्यानं नेहरूनगरच्या लॉकअपमध्ये काढली,
घरापासून चालत सात मिनिटांवर,
आणि घरी कुणाला माहीत नव्हतं.

गुरुवारी मी नवा कागद भरला.
साहेब रागावले नाहीत.
एवढंच म्हणाले, तक्ता बघत जा.

शनिवारी भागुजी आले.
नेहरूनगरात झाडाखाली त्यांचं इस्त्रीचं टेबल आहे.
आर्थर रोड, असं कुणीतरी सांगितलं म्हणून
सहा वाजल्यापासून तिथल्या रांगेत होते,
नंबर लागल्यावर खिडकीतून कळलं, इथे नाही.
पिशवीत पोराचे दोन शर्ट.
पिशवी त्यांनी आडवी धरली होती, ताटासारखी,
घडी मोडू नये म्हणून.

मी काचेवर बोट ठेवलं, कुर्ल्यापासून रेघेपलीकडे नेलं.
पण त्यांची नजर मथळ्यावर.
अक्षराला अक्षर लावत होते. प्रौ. ढ.
"म्हणजे हा कागद माझा ना, बाई?
प्रौढांच्या वर्गाला मी जात होतो, सहीपुरता.
तो नाही कधी आला. तो दहावी पास आहे."

पंखा खरखरत होता.
शिपाई फायलींचा गठ्ठा ठेवून गेला.

मग त्यांनी विचारलं, कोर्ट इथं तर तुरुंग तिथं का.
मी म्हणाले, काका, जवळचा भरलाय.
लांबचाही भरलाय, हे म्हणाले नाही.

हाताला लागला तो कागद उलटा करून
मी लिहून दिलं :
वाशी, मग कळंबोली, तिथून रिक्षा.
आधारकार्ड न्या. लवकर पोचा.
ते वाचत असताना उजेड कागदातून आला
आणि मला दिसलं, तो बुधवारचा वॉरंट होता.
रद्द केलेला. द्यायला नको होता.

त्यांनी उलटून पाहिलं.
पोराचं नाव सापडलं त्यांना, तिथं जरा थांबले,
मुंबई हा शब्दही वाचला, मोठ्यानं,
आणि खाली माझी सही.
"मग ही तर मुंबईच लिहिलीये की."

मी काही बोलले नाही.
त्यांनी टेबलाच्या काचेवरच कागद ठेवला,
कडेला कड लावली, चार पदरी घडी घातली,
आणि अंगठा असा दाबून फिरवला
जसा तो तापलेला होता.